उद्याचा चहा

इस्रायलच्या वाळवंटातल्या डिमोनात कारखान्यातून सुटल्यावर बसथांब्यावर मला एक बेदुईन अरब म्हातारा रोज भेटे. सात वर्षं भेटला. पेलाभर पाण्यात हात, तोंड, पाय धुऊन तो नमाज पढे, आणि मी मुंबईहून आणलेलं इंग्रजी पुस्तक वाचत बसे.

"काय लिहिलंय त्यात?" एकदा त्याने हिब्रूत विचारलं.

"आजचा दिवस जगा, उद्याचा भरवसा धरू नका."

तो हसला. "एवढ्यासाठी पुस्तक? आम्ही 'उद्या' म्हटलं की 'इन्शाअल्ला' म्हणतो. उद्या अल्लाच्या हातात. चल, आज माझ्या तंबूत चहा घे."

"उद्या नक्की येतो."

"इन्शाअल्ला म्हण!"

मी म्हटलं नाही. असं चार वेळा टाळलं. घरी कोशरचं, आम्हा यहुद्यांच्या खाण्यापिण्याच्या नियमांचं, कारण सांगितलं, तर बायको म्हणाली, "अहो, चहात कसलं आलंय मटण?" खरं म्हणजे शेजारी काय म्हणतील याची मला भीती होती.

पाचव्या वेळी मीच 'आज चहाला येऊ का?' असं विचारायचं ठरवून गेलो. तो आला नाही, पुढेही कधी दिसला नाही. चौकशी करायला निघालो, तेव्हा लक्षात आलं की मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

पुस्तक अजून आहे. उद्याच्या त्या वाक्याखाली मीच पट्टी धरून रेघ मारलेली आहे.