माझी नोकरी घालवणारे घरमालक

माझ्या आवाजावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारा माणूस या जगात एकच होऊन गेला, आणि तो आवाज बंद पाडण्याचं कामही त्यानंच केलं. ते माझे लाखनीचे घरमालक. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गावाला गुरुजी, मला काकाजी. खाली ते आणि काकी राहत, वरच्या दोन खोल्यांत मी, माझी बायको आणि आमची बालवाडीतली लेक. मी तेव्हा स्थानिक केबल चॅनलवर संध्याकाळी सातच्या बातम्या वाचत असे. हे आता किती साधेपणानं लिहून गेलो! त्या काळी मी असं म्हणत नसे. 'मी प्रसारमाध्यमात आहे,' असं म्हणत असे, आणि समोरचा 'म्हंजे कोठी?' असं विचारेपर्यंत दूर कुठंतरी बघत राहत असे.

आमचा स्टुडिओ हायवेला लागून, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर होता. महत्त्वाच्या बातमीला ट्रकचा हॉर्न वाजायचाच. दुःखद निधनाच्या बातमीला तर हमखास. मी मात्र साळ्याच्या लग्नात शिवलेला सूट घालून, आवाज पोटातून काढून, असा काही बसायचो की देशाचं बरंवाईट आता माझ्याच तोंडून ठरणार आहे. घरी मी 'मले भूक लागून राहिली' म्हणणारा माणूस. पण भाजीबाजारातसुद्धा वांग्यांचा भाव वृत्तनिवेदकाच्या आवाजात विचारू लागलो होतो. वांगेवाली घाबरून एक वांगं जास्त टाकायची. मला वाटे, ही कीर्ती.

काकाजी माझे सर्वांत नियमित प्रेक्षक. पावणेसातला पाय धुऊन, स्वच्छ बंडी घालून ते टीव्हीसमोर खुर्ची मांडत. पडद्यावर मी 'नमस्कार' म्हटलं की हे उठून उभे राहत, हात जोडून 'नमस्कार' म्हणत, आणि मग बसत. तोच मी अर्ध्या तासानं जिना चढू लागलो की त्यांची नजर वर्तमानपत्रातून हलत नसे. त्यांच्या हिशेबी पडद्यावरचा माणूस वृत्तनिवेदक होता आणि जिन्यावरचा भाडेकरू. या दोघांची गल्लत करणं त्यांना मंजूर नव्हतं. बातम्या चालू असताना मांडीवर वही असे. माझ्या चुका त्या वहीत उतरत आणि दुसऱ्या दिवशी माझ्या नावे पोस्टकार्ड निघे. हो, पोस्टकार्ड. खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर. काकाजी ते स्वतः चालत जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकत, आणि दोन-तीन दिवसांनी पोस्टमन ते आमच्याच ओसरीवर काकाजींच्या हातात देई, कारण ओसरीवर तेच बसलेले असत. ते वरचा पत्ता वाचत आणि काकींना हाक मारत, "अवो, वरच्यायची टपाल आली." 'महोदय, काल आपण भंडारा-गोंदिया जिल्हा असा एकवचनी उल्लेख केला. जिल्ह्याचे विभाजन होऊन बरीच वर्षे झाली, कृपया नोंद घ्यावी. आपला, एक दर्शक.' मी एकदा वैतागून म्हणालो, "काकाजी, तोंडानं सांगा ना! मी वरच तर राहतो." ते म्हणाले, "तोंडी तक्रार केली का भांडण होते. लेखी केली का सुधारणा होते."

हा न्याय ते सगळ्यांना लावत. लग्नपत्रिका आली की तिच्यातल्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून, लग्नाच्या दिवशी आहेरासोबत ती वधूपित्याला परत देत. वधूपिता एकीकडे पोरगी सासरी जाते म्हणून रडत असे आणि हे त्याला 'आशीर्वाद'मधली दीर्घ वेलांटी दाखवत असत. आणि स्वतःलाही सोडत नसत. मुख्याध्यापक असताना एकदा ते अकरा मिनिटं उशिरा पोचले, तर स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस दिली, स्वतःच खुलासा लिहिला, आणि 'खुलासा असमाधानकारक' असा शेरा मारून स्वतःची अर्ध्या दिवसाची रजा कापली. काकी सांगत, त्या दिवशी घरी आले तर साहेबावर चिडलेले होते. धम्मदीक्षेला ते वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला गेले होते. त्या गर्दीचं काही आठवत नाही, म्हणायचे. 'एवढंच आठवते का बाप सरळ उभा होता.'

आता माझा पराक्रम सांगतो.

धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावरचे दिवस. चॅनलवर थेट मुलाखतीचा आठ मिनिटांचा कार्यक्रम असायचा, तोही मीच करायचो. माझ्याशिवाय जिल्ह्यात कोणाला बोलता येतं असं मला वाटत नव्हतं. त्या दिवशी सानगडीहून अंगणवाडीच्या एक ताई आल्या होत्या. इस्त्रीची साडी, हातात वही, वहीत मुद्दे लिहिलेले. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसत होत्या. मी त्यांची ओळख करून दिली, त्यांनी वही उघडली, आणि मला विनोद सुचला. मी कॅमेरावाल्याकडे वळून म्हणालो, "अरे, लाइट वाढवा जरा. ताई दिसूनच नाही राहिल्या!"

ताईंचा रंग सावळा होता. कॅमेरावाला हसला. मी हसलो. ताईही हसल्या. मग त्यांनी वही मिटली, ती पुन्हा उघडलीच नाही. मी विचारेन त्याला 'हो', 'नाही' एवढंच बोलल्या. आठ मिनिटांतली साडेसहा मीच बोललो आणि कार्यक्रम झकास झाला असं समजून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी टायरच्या दुकानासमोर पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. आमची वायर साकोलीवरून थेट सानगडीपर्यंत गेलेली होती, हा माझा अभिमानाचा विषय. तो आता अंगलट आला. चौकात दोन पक्ष पडले. एक म्हणे, असा माणूस माइकवर नको. दुसरा म्हणे, एका विनोदासाठी कोणाची रोजी काढता का? मी अर्थातच दुसऱ्या पक्षाच्या चहाटपरीवर जाऊन बसलो. "गंमत होती हो," मी सगळ्यांना सांगत होतो. "ताई स्वतः हसल्या!" बायकोला सांगितलं, तर ती पोळी उलटता उलटता म्हणाली, "मंग काय करतील? रडतील का टीवीवर?"

मी पोस्टकार्डाची वाट बघू लागलो. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पोस्टमन येई आणि तसाच पुढे जाई. मला वाटलं, काकाजींना काही गैर वाटलेलं दिसत नाही. ज्या माणसानं माझा एक अनुस्वार सोडला नाही, तो गप्प आहे म्हणजे आपण निर्दोष. पाचव्या दिवशी चॅनलच्या मालकांनी, म्हणजे आमच्या सेठनी, तक्रारवाल्यांची बैठक बोलावली. मी स्कूटर काढली तर काकाजी धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर उभे. "मलेबी यायचं आहे," म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. गुरुजींचा शब्द गावात कोणी खाली पडू देत नसे. मी त्यांना मागं बसवलं, आणि खड्डे चुकवत इतक्या जपून नेलं की वाटावं मागं अंड्यांची टोपली आहे.

बैठकीत सेठनी आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. "माफी मागून घेऊ ना. विषय संपला." मी माफीचा मजकूर लिहूनच आणला होता, फार सुरेख उतरला होता. तेवढ्यात काकाजी उभे राहिले.

"यायले काढा," ते म्हणाले.

मला वाटलं, मागं उभ्या असलेल्या कोणाला बाहेर काढा म्हणत असतील. मी मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"मी काल सानगडीले गेलतो," काकाजी सांगू लागले. "एसटीनं. म्हटलं, चार दिवस झाले, सगळे भांडून राहिले, पण त्या बाईले कोणी विचारलंच नाही. तिनं चहा पाजला. मंग मले बसपर्यंत सोडाले आली. भर दुपारची वेळ. पानठेल्यावर एक जण होता. त्यानं तिले पाहून मोबाइलचा टॉर्च लावला. दोन पावलं पुढं गेलो तं दुसऱ्यानं लावला. बाई मले म्हणते, 'गुरुजी, चला, रोजचंच आहे.' चार दिवसांत रोजचं झालं!"

खाली कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

"तिची काय मागणी आहे?" सेठनी विचारलं.

"नोकरी जावी असं ती म्हणत नाही. ती म्हणते, मले जे सांगाचं होतं ते राहूनच गेलं. मले पुन्हा बोलवा. पण हाच माणूस समोर बसला तं माझ्यानं बोलणं होणार नाही. आता ती खुर्ची एकच आहे आणि हे रोज तिथं बसतात. म्हणून मी म्हणतो, यायले काढा."

"पण गुरुजी, माफी मागतात ना ते..."

"मागतील," काकाजी म्हणाले. "चांगली मागतील. आवाज चांगला आहे त्यायचा."

माझ्या आवाजाची त्यांनी तोंडी केलेली ती पहिली स्तुती. ती ऐकली आणि माझी नोकरी गेली.

खाली आलो, स्कूटरला चावी लावली, तर काकाजी शेजारी येऊन उभे. "चला," म्हणाले. एखाद्याची रोजी घालवल्यावर माणूस निदान पायी तरी जातो. "काकाजी," मी म्हणालो, "तुमी माझ्याच गाडीवर येणार?" "दुसऱ्याच्या गाडीवर मी बसत नाही," ते म्हणाले आणि मागं बसले. या वेळी मी एकही खड्डा चुकवला नाही. घराजवळ आल्यावर मी म्हणालो, "मी घर सोडतो." उतरता उतरता ते म्हणाले, "लेखी द्या."

मी लेखी दिलं नाही, कारण जायला जागा नव्हती. पुढचे महिने कठीण गेले. बायको शिलाईचं काम घेऊ लागली आणि मी ओळखीच्या प्रत्येकाला टाळू लागलो. वांगेवालीनं ओळख दाखवली तरी मी खाली मान घालून जाई. काकाजींशी बोलणं सोडलंच होतं. ते मात्र रोज सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीवर, कुठंकुठं जागा निघाल्या आहेत त्या जाहिराती कापून ठेवत. मी अर्ज लिहून तिथंच ठेवायचा. संध्याकाळी तो लाल शाईनं रंगून परत यायचा. असाच एक अर्ज चार वेळा रंगून शेवटी एका खासगी शाळेत लागला, आणि मी क्लार्क झालो. आजही तोच आहे.

ताईंचा कार्यक्रम पुन्हा झाला. प्रश्न विचारायला एक शिक्षिका बसल्या होत्या. काकींनी आम्हाला खाली बोलावलं म्हणून मी गेलो, आणि सगळ्यांच्या मागं दाराशी बसलो. या वेळी ताई आठाच्या जागी वीस मिनिटं बोलल्या. रोवण्याच्या दिवसांत मजूर बाया अंगावर पिणारी लेकरं घेऊन धानाच्या बांधीत जातात, लेकरू शेताच्या कडेला धुऱ्यावर, झाडाखाली, उन्हापावसात पडून राहतं, माय संध्याकाळपर्यंत वाकलेली. धानवाल्यांनी त्यांना पाजायला दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास सोडलं आणि धुऱ्यावर एक ताडपत्री बांधून दिली, तर लेकरांची वजनं घटणार नाहीत. एवढंच त्यांचं मागणं होतं. त्या वर्षी किती जणांनी ऐकलं ते मला ठाऊक नाही. पण शाळेच्या वाटेवर दोन शेतांत मी ताडपत्र्या पाहिल्या. हे सगळं त्या वहीत होतं, आणि मी लाइट वाढवायला सांगत होतो.

मग मी एकदा सानगडीला गेलो. बसमध्ये माफी पाठ केली होती. ताईंच्या अंगणात उभं राहून मी सुरुवात केली, "माझ्याकडून अनवधानानं जे वक्तव्य घडलं, त्याबद्दल मी..." त्या मध्येच म्हणाल्या, "भाऊ, सादं बोला ना. मी काही टीवी नाही." साधं मला बोलता येईना. 'चुकलं माझं,' एवढे दोनच शब्द बोललो. त्यांनी पाण्याचा लोटा पुढं केला. "टॉर्च बंद झाले का?" मी विचारलं. "कमी झाले," त्या म्हणाल्या.

काकींनी मला फार उशिरा सांगितलं की माझी नोकरी गेल्यापासून काकाजींनी तो एक कार्यक्रम सोडता आमचं चॅनल कधी लावलं नाही. पावणेसातला पाय धुऊन येत, खुर्चीवर बसत, टीव्ही बंदच. "मी म्हटलं, लावू का? तं म्हणे, राहू दे, नवीन पोरगी घाईत वाचते."

शेवटच्या दोन वर्षांत त्यांची नजर गेली. तेव्हा शाळेतून आल्यावर मी त्यांना पेपर वाचून दाखवत असे. एका हिवाळ्यात पेपरात बातमी आली: मोठ्या शहरातल्या कुठल्याशा रेडिओवाल्याला, कार्यक्रमात कोणाबद्दल तरी वाईट बोलला म्हणून कामावरून काढलं होतं. मी ती वाचली आणि थांबलो. इतक्या वर्षांत आम्ही त्या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो.

"काय म्हणता काकाजी?" मी विचारलं. "बरोबर केलं?"

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाले, "त्याच्या घरी कोण कोण आहे, लिहिलं आहे का?"

"नाही."

"आन ज्याले बोलला, त्याच्याकडं कोणी जाऊन आलं का?"

"तेही नाही लिहिलं."

"मंग मी कसा सांगू?" ते म्हणाले. थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "तुमच्या टायमाले मी दोन्ही घरं पाहिली होती. तरी चार दिवस झोप नाही आली."

काकी आतून चहा घेऊन आल्या आणि कप ठेवून गेल्या. मी पान उलटलं. त्या दिवशी मी पेपर शेवटपर्यंत वाचला. धानाचे भाव, निविदा, हरवले-सापडले, वधू-वर पाहिजे, सगळं. मध्ये कुठंतरी माझा एक उच्चार चुकलाही. ते डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांनी एकदाही मला थांबवलं नाही.