विठ्ठल मिस्त्रीचं एकमेव खरं निदान

विठ्ठल मिस्त्री कधी चुकत नसे. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि ठाण्यात जांभळी नाक्यामागच्या त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाच्या मताला बसायला जागाही नव्हती. साताऱ्याकडचं गाव सोडून तो लढाईच्या दिवसांत कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात लागलेला. तिथे दोन-अडीच वर्षं त्याने गोऱ्यांच्या ट्रकांचे सुटे भाग घासलेटात धुतले. लढाई संपली, गोरे गेले, आणि ठाण्यात येईपर्यंत त्या धुण्याचं "साहेबाच्या हाताखाली इंजिन शिकलोय" असं झालं.

गाडी आली की मिस्त्री आधी तिला एक प्रदक्षिणा घाली. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ आपल्या कानाला लावून डोळे मिटी. गाडीवाला श्वास रोखून उभा. बऱ्याच वेळाने डोळे उघडून मिस्त्री रोगाचं नाव सांगे. नाव नेहमी इंग्रजी असे, त्यामुळे गाडीवाल्याचा निम्मा त्रास तिथेच कमी होई. घरीही तोच थाट. स्टोव्ह भडकला तर "याचं टायमिंग गेलंय" असं सांगून तो पाटावर बसे, आणि बायको शेवंती मुकाट्याने पिन घालून स्टोव्ह पेटवी.

अशा या धन्वंतरीकडे बाळकुमच्या नाथाशेठ भोईरांची गाडी आली.

नाथाशेठ हे फार जुने शेठ नव्हते. आज्या-पणज्यांपासून सगळ्यांनी मिठागरात पाय भाजून घेतलेले. छप्पन्न साली खाडीकडची जमीन एका कारखानदाराने घेतली आणि कालपर्यंत ज्याला सगळे 'नाथ्या' म्हणत, तो 'नाथाशेठ' झाला. आता शेठ म्हटल्यावर गाडी आली. मुंबईच्या कुणा पारशाची जुनी, काळी, ऐसपैस विलायती गाडी त्यांनी घेतली. चालवता येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती, कारण शेठने मागे बसायचं असतं. पुढे बसायला त्यांनी मेहुण्याला आणलं. बायको सगुणाबाई, तिचा धाकटा भाऊ रतन, कळव्याचा. पूर्वी ट्रकवर क्लीनर होता. "घरचा मानूस हाय, इस्वासाचा," असं शेठ चारचौघांत सांगत.

महिन्याभरात शेठनी पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला चांभाराकडून चामड्याची टोपी शिवून घेतली. झाकणावर आधी सायकलच्या ट्यूबचा रबर ताणून बसवलेला, त्यावर टोपी, टोपीला पितळी कुलूप आणि किल्ली शेठच्या करगोट्याला. कुणी विचारलं तर म्हणत, "टाकीन धूल जाते ना." बाळकुमच्या रस्त्याला धूळ तर होतीच. एवढा स्वच्छतेचा भोक्ता माणूस गावात दुसरा नाही, असं लोकांना वाटलं.

त्यानंतर गाडी आजारी पडली. चार-पाच मैल झकास चाले. मग दम लागल्यासारखे आचके देई, चढ आला की रडकुंडीला येई आणि बंद पडे. हँडल मारून मारून रतनचे खांदे निखळायची वेळ आली तरी हूं की चूं नाही. मग सगळे खाली उतरत. पेट्रोल तर संपलं नाही ना, म्हणून शेठ किल्ली काढून टोपी उघडत, काठी घालून बघत. टाकी भरलेली. टोपी परत लागे. तेवढ्यात कुणीतरी काहीतरी करून पाही, आणि गाडी सुरू! त्या 'काहीतरी'चा मग गावभर बोलबाला होई. एकदा बॉनेटला लिंबू बांधलं, एकदा चाकावर पाणी शिंपडलं, एकदा तर मागून म्हैस हाकलली होती, तीच लागू पडली.

"मिस्तरी, गारी मधीच मरते," नाथाशेठ म्हणाले, "न् मधीच जित्ती व्हते."

विठ्ठलने पेचकस कानाला लावला. शेडमध्ये उभी गाडी घड्याळासारखी चालत होती.

"कार्बोरेटर चोकअप," त्याने निकाल दिला.

कार्बोरेटर खोलला, धुतला; धुण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता. दुसऱ्या दिवशी बाळकुमहून खाडीतला उंची मासा, हातभर लांबीचं जिताडं आलं. शेवंतीने ते शेजारीपाजारी वाटून खाल्लं, आणि त्याच संध्याकाळी गाडी मुंब्र्याच्या चढाला बंद पडली.

"कार्बोरेटर बरा झाला, शेठ," मिस्त्री जरासुद्धा न डगमगता म्हणाला. "हा दुसरा रोग. पहिल्याच्या खाली दबून बसलेला."

हा दबलेला रोग म्हणजे कॉइल. कॉइल तापते म्हणून तिच्यावर ओलं फडकं गुंडाळलं. गाडी बंद पडली. मग प्लग बदलले. गाडी पुन्हा बंद पडली. मग कंडेन्सर. दरवेळी मिस्त्री ठामपणे सांगे, दरवेळी जिताडं येई, फक्त ते हळूहळू लहान होत चाललं होतं. इकडे सगुणाबाईंनी गावदेवीला नवस बोलून गाडीत नारळांची करंडीच ठेवली. गाडी थांबली, शेठनी पेट्रोल बघितलं, बाईंनी नारळ फोडला, गाडी चालू. एकदा नव्हे, लागोपाठ चार वेळा! देवी आणि मिस्त्री यांच्यातला सामना एकतर्फी व्हायला लागला. नाक्यावर लोक विचारू लागले, "काय मिस्त्री, नारळ ठेवता का दुकानात?"

शेवटी कल्याणला शेठच्या पुतणीचा साखरपुडा ठरला, तेव्हा विठ्ठल म्हणाला, "मी सोबत येतो. रोग चालत्या गाडीत पकडतो." शेठनी त्यालाही घेतलं आणि नारळांची करंडीही. शहाणा माणूस एकाच औषधावर थांबत नाही.

मुंब्रा आलं, चढ आला, आचके आले. गाडी ठरलेल्या जागी, ठरलेल्या थाटात उभी राहिली. विठ्ठलने बॉनेट उघडलं, कार्बोरेटरकडे येणारी नळी सोडली. कोरडी ठाक.

"पेट्रोल येत नाही."

"येत नाय कसा? टाकी गलाभर भरलेली हाय!" शेठ चिडले आणि खरं करून दाखवायला मागे गेले. विठ्ठलही मागे गेला. त्यात काही विचार नव्हता. पुढे सगुणाबाई नारळ घेऊन उभ्या राहिल्या होत्या आणि नव्या सदऱ्यावर पाणी उडायला नको, एवढंच.

शेठनी कुलूप काढलं, टोपी काढली, रबर ओढला. आणि झाकण सैल करताच टाकीने लांब, खोल श्वास घेतला. सूऽऽऽ.

विठ्ठलचा आख्खा जन्म गाडीला कान लावण्यात गेला होता. आज पहिल्यांदा त्याला काहीतरी ऐकू आलं. तो धावत पुढे गेला. नळीतून पेट्रोल ठिबकत होतं. सगुणाबाईंचा हात वर गेला होता.

"वहिनी, थांबा! नारळ फोडू नका!"

"आवो, देवीच्या आर येऊ नका तुमी!"

"देवीला कल्याणात फोडा, हवे तेवढे फोडा! रतन, मार हँडल!"

विठ्ठलने नळी परत जोडली आणि एका फटक्यात गाडी सुरू झाली. नारळ तसाच बाईंच्या हातात राहिला. विठ्ठलने रबर आणि टोपी आपल्या खिशात कोंबली. शेठ "अरे, अरे" करत राहिले, पण पुढे शीळ गेलं, डोंबिवलीचा फाटा गेला, कल्याण आलं, गाडी कुठे खोकलीसुद्धा नाही.

इथे गप्प बसला असता तर विठ्ठल मिस्त्रीचं कल्याण झालं असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ठरलेल्या माणसाला ते पचत नाही, सवय नसते. मांडवात चहा फिरत होता, दोन्हीकडची मंडळी बसली होती. विठ्ठलने रबराचा तुकडा उंच धरला.

"हा बघा रोग! टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं, हवा आत जायला. पेट्रोल जेवढं खर्च होतं तेवढी हवा आत यायला पाहिजे. या रबराने भोक बंद केलेलं. गाडी गुदमरायची. शेठनी बघायला झाकण उघडलं की श्वास घ्यायची. लिंबू नाही, म्हैस नाही, नारळ नाही. ही टोपी!"

मंडळींनी माना डोलावल्या. रतनच्या हातात कप होता.

"पन टोपी तर धुलीसाठी होती ना, दाजी?" त्याने सरळ मनाने विचारलं.

शेठ काही बोलायच्या आत विठ्ठल खो खो हसला. "अरे, धुळीला कुलूप कशाला लागतंय? धूळ काय किल्ली घेऊन फिरते?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मग हसू एकदम विझलं. विठ्ठल काय बोलून गेला हे सगळ्यांना कळलं, त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी. रतनने कप खाली ठेवला.

"म्हंजे मी पेट्रोलचोर, दाजी?"

नाथाशेठ मांडवाच्या खांबाकडे बघू लागले. रतनने गाडीची किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि तो चालू पडला. सगुणाबाईंनी नवऱ्याकडे एकदा नीट बघितलं, नारळांची करंडी उचलली आणि त्या भावामागून कळव्याला माहेरी गेल्या.

"मिस्तरी," शेठ दात आवळून म्हणाले, "गारीचा रोग बघाला सांगितला व्हता. माझ्या घराचा नाय."

परतताना गाडी विठ्ठलने चालवली. मागे शेठ एकटे. इंजिन मात्र असं सुरेख, एकसुरात चाललं होतं, की विठ्ठलला लाज वाटली.

पुढे गाडी बाळकुमच्या अंगणात ठणठणीत प्रकृतीत उभी राहिली. चालवायला कुणी नाही. कोंबड्या बॉनेटवर बसू लागल्या. शेठ स्वतः भात लावत, तो करपत असे. दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा सगुणाबाईंनी कळवलं, "दाराला कुलूप लावून बसा. धूल येल."

तेव्हा एका दुपारी शेठ स्वतःच शेडमध्ये आले. हातात जिताडं, पहिल्या खेपेपेक्षाही मोठं.

"मिस्तरी, माझ्यासंगं कळव्याला चल. रतनला सांग, टोपीचा कायच नवता. कॉइल व्हती."

"शेठ, असं कसं बोलू? माझं नाव जाईल."

"नाव?" शेठ म्हणाले. "चार टायमाला चुकलास तवा नाव गेला नाय. आता खरा बोललास न् बघ काय जाला."

विठ्ठलने खूप विचार केला. मग पेचकस उचलला. शेठना मागे बसवून, गाडी चालवत तो कळव्याला गेला. सगुणाबाई दारात, रतन ओट्यावर, चार शेजारी उभे. विठ्ठलने तोच पेचकस काढला, गाडीच्या इंजिनाला लावला, मूठ कानाला लावून डोळे मिटले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ मिटले.

"कॉइल," तो म्हणाला. मग घसा साफ करून, "टोपीचा काही संबंध नव्हता. मी चुकलो."

आयुष्यात पहिल्यांदाच तो हे बोलला होता, आणि नेमकं तेच खोटं होतं.

रतनने टोपी नसलेल्या टाकीच्या झाकणाकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "मना वाटलाच व्हता. कॉइलच असंल." सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. रतनने एकच अट घातली, टाकीला टोपी नको. शेठ घाईघाईने म्हणाले, "धूल गेली तरी चालंल!" सगुणाबाईंनी देवीचा राहिलेला नारळ बंपरवर फोडला, आणि गाडी देवीने बरी केली यावर कळवा-बाळकुमचं एकमत झालं. त्यानंतर ती कधी बंद पडली नाही. पेट्रोल तेवढं पूर्वीपेक्षा लवकर संपू लागलं. त्याचं निदान करायला मात्र मिस्त्रीला कुणी बोलावलं नाही.

त्या दिवशी जेवताना विठ्ठलने शेवंतीला सगळं सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे तुमचंच बरोबर होतं?"

"होतं."

"आणि सगळ्यांसमोर चुकलो म्हणून आलात?"

विठ्ठल मान खाली घालून भात कालवत राहिला. शेवंतीने आपल्यासाठी ठेवलेली जिताड्याची मधली तुकडी उचलून त्याच्या ताटात वाढली, आणि म्हणाली, "काटे बघून खा."