वाळवीवाल्या काकाची भिंत

माझा काका वाळवी मारतो. अख्खा मोहल्ला त्याला ‘वाळवीवाले’ म्हणतो. त्याचा आवाज मी हुबेहूब काढते: घोगरा, शेवटचा शब्द गिळणारा. फोनवर काकूसुद्धा फसते.

मागच्या वर्षी घोगरेपणा वाढला आणि स्वरयंत्रात कॅन्सरची गाठ निघाली. किरणं दिली, गाठ विरघळली, आम्ही सुटलो म्हणालो. आता ती परत आलीय.

डॉक्टरीणबाई नाकातून, सावकाश बोलतात. “गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या मूळ पेशी असतात. बाकीच्या किरणांनी मरतात, या तग धरतात आणि पुन्हा गाठ उभी करतात. तुमच्या बाबतीत तसंच झालं असावं. आता स्वरयंत्र काढावं लागेल.”

“म्हणजे राणी राहिली,” काका म्हणाला.

“कोण राणी?”

“वाळवीची हो,” काकू म्हणाली. “यांना दुसरं काही सुचतं का?”

मग काका घासाघीस करायला लागला. “परत किरणं मारली तर?”

“त्याच जागी पुन्हा तेवढी नाही देता येत.”

“अर्धंच काढलं तर? नाहीतर थोडं थांबून बघू?”

मला हसू आलं. आवाज काकाचा होता, बोलणं त्याच्या गिऱ्हाइकांचं. जेवताना तोच त्यांची नक्कल करायचा: भिंत नका फोडू हो, नवा रंग दिलाय, वरवर औषध मारा ना.

“विचार करा, येतेच मी,” म्हणून बाई गेल्या.

त्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. काकू पर्सची चेन उघडत होती, लावत होती. काका भिंतीकडे बघत बसला. हो म्हटलं तर आवाज जाणार, नाही म्हटलं तर काकाच.

“तू मी हो,” तो मला म्हणाला. “मी गिऱ्हाईक. वाळवीवाले, वरवर मारा ना.”

मी त्याचा आवाज लावला. “साहेब, राणी आत आहे. भिंत ठेवायची की घर?”

तो बराच वेळ खोकला. बाई परत आल्यावर एवढंच म्हणाला, “फोडा.”

“परवा करू. तोवर बोलून घ्या.”

बाई गेल्या. आम्ही दोघी त्याच्या तोंडाकडे बघत बसलो.

“बोला ना काहीतरी,” काकू म्हणाली.

“अशा टक लावून बसलात,” तो म्हणाला, “तर सुचणार कसं?”