घरचंच रबर

नाशिकमध्ये माणसाच्या तोंडाआधी त्याच्या चपलांकडे बघणारे दोघेच असतील. एक देवळाबाहेर चपला सांभाळणारा आणि दुसरे आमचे साडू. पहिल्याला निदान चपला परत द्यायच्या असतात. साडूंच्या इंदिरानगरच्या फ्लॅटची बेल वाजवली की ते दार उघडून "या, या" म्हणतात खरे, पण त्यांची नजर आपल्या घोट्याखाली असते. आपण सोफ्यावर बसून पाण्याचा पेला तोंडाला लावेपर्यंत ते दाराशी वाकून आपल्या चपलेचा सोल अंगठ्याने दाबून आलेले असतात. "साडूभाऊ, या टाकायच्या झाल्या की आधी मला सांगा हं," असं ते मला एकदा म्हणाले. आजारी म्हाताऱ्याच्या फ्लॅटची चौकशी करताना नातेवाइकांचा आवाज जसा मवाळ होतो तसा त्यांचा झाला होता. त्या चपला मी त्याच आठवड्यात घेतल्या होत्या.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उभी नोकरी एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर गेली. आलेल्या कागदावर एक शिक्का, गेलेल्या कागदावर दुसरा. हात इतका बसला होता की घरी जेवण संपल्यावरही ते ताटाशेजारी एकदा मूठ आपटत आणि मगच उठत. ताई म्हणे, "झालं. जेवण आवक झालं." निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या 'अमूल्य योगदाना'वर भाषण केलं. ते योगदान नेमकं कोणतं हे साहेब कागदात बघूनही सांगू शकले नाहीत. साडूंना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि दुसऱ्या दिवशीपासून हाताला काम उरलं नाही.

मग त्यांची एकुलती एक लेक, मधुरा, त्यांना गंगापूर रोडवरच्या एका हस्तकला प्रदर्शनात घेऊन गेली. तिथे एका स्टॉलवर लाकडी मुठीचे, फुलापानांचे शिक्के मांडले होते. शाईत बुडवायचे, कागदावर उमटवायचे आणि स्वतःच्या हाताने शुभेच्छापत्र केल्याचं समाधान मिळवायचं. साडूंनी एक शिक्का उचलला, उलटा केला, किंमत वाचली आणि स्टॉलवाल्या बाईंना विचारलं, "हे रबरच ना?"

"काका, ही हॉबी आहे," बाई म्हणाल्या.

"हॉबी आहे हो. पण रबरच ना?"

दुसऱ्या दिवशी ताईची बाथरूममधली डाव्या पायाची चप्पल नाहीशी झाली आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या कागदावर निळ्या शाईतलं एक जास्वंदीचं फूल उमटलं. फूल खरोखर चांगलं होतं. ताई मात्र आठवडाभर एका चपलेवर लंगडी घातल्यासारखी वावरत होती.

तेव्हापासून साडूंनी जगातल्या सगळ्या वस्तूंची दोन गटांत वाटणी केली आहे. एक, ज्यांचा शिक्का होतो त्या, आणि दुसऱ्या, ज्यांचा अजून झालेला नाही त्या. कोरायची हत्यारं मोडक्या छत्रीच्या काड्यांची. काडीला आतून पन्हळ असते, टोक दगडावर घासलं की रबरात लोण्यासारखी शिरते. शाईचा पॅड म्हणजे बूटपॉलिशची रिकामी डबी आणि तिच्यात सोफ्याचा स्पंज. हा स्पंज सोफ्याच्या ज्या कोपऱ्यातून काढला तिथे पाहुण्यांना बसवत नाहीत, पण हे पाहुण्यांना बसल्यावर कळतं. लाल रंग बिटाचा, पिवळा हळदीचा. हिरव्या रंगासाठी पालक वापरून बघितला होता. ती शुभेच्छापत्रं ज्यांना गेली ते अजून वासाबद्दल बोलतात.

शिक्क्याच्या मुठीसाठी बुचं लागत. नाशिकला द्राक्षांच्या पेट्यांइतकीच वाइनच्या बाटल्यांचीही वाण नाही, हे साडूंच्या लक्षात आलं आणि जन्मभर सुपारीसुद्धा न खाल्लेला हा माणूस कापडी पिशवी घेऊन धरणाकडच्या एका वाइनच्या ठिकाणी हजर झाला. तिथली पोरं भली. त्यांनी पिशवी भरून दिली. पण बाहेर पडताना कॉलनीतल्या कोणीतरी पाहिलं आणि ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने समजूत घालायला एक सभासद घरी पाठवला.

"फक्त बुचं आणतो हो मी," साडू म्हणाले.

"कधीपासून?"

"रिटायर झाल्यापासून."

सभासदाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बहुतेकांचं तेव्हाच सुरू होतं."

कागदाचा प्रश्न मात्र कॉलनीनेच सोडवला. लग्नाच्या जुन्या पत्रिकांचं काय करायचं हे आपल्याकडे कोणालाच माहीत नसतं. वर गणपती असतो, त्यामुळे केरात टाकवत नाही, आणि ठेवाव्यात तर कपाट भरतं. साडू पत्रिका घेतात ही बातमी पसरली आणि लोक पापातून सुटल्यासारखे गठ्ठे आणून देऊ लागले. साडू गणपती अलगद कापून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचे आणि उरलेल्या कोऱ्या भागाचं शुभेच्छापत्र करायचे. डब्याचे पुढे चार डबे झाले. ताई एकदा वैतागून म्हणाली, "एवढे गणपती अख्ख्या नाशकात नसतील, आणि एकालाही यांच्या बुद्धीचं काही करता येत नाहीये." कोरा भाग दर वेळी पुरेसा कोरा असेच असं नाही. माझ्या साठीला आलेल्या पत्राच्या पाठीवर 'वधूपिता' असं छापलेलं होतं. मला दोन मुलगे आहेत. साडूंच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात, आजन्म अविवाहित. त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर साडूंनी सुरेख कमळाचा ठसा मारून 'लवकर बरे व्हा' पाठवलं. पाठीमागे होतं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' प्राध्यापकांनी ते पत्र काचेच्या कपाटात ठेवलं. पाठीमागची बाजू पुढे करून.

यात बचत किती झाली हे विचारायचं नसतं. दहा रुपयांचं कार्ड वाचवण्यासाठी चांगल्या जुन्या चपलेच्या शोधात साडू रिक्षा करून भद्रकालीच्या जुन्या बाजारापर्यंत जातात आणि रिक्षा करून परत येतात. "आताच्या चपलेत रबर कुठाय? नुसती हवा भरलेली," हे त्यांचं आधुनिक काळाबद्दलचं एकमेव मत आहे. त्यांच्या कपाटात जुन्या, घट्ट रबराच्या चपलांचे तुकडे लहान-मोठे लावून ठेवलेले असतात आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, निळ्या पट्ट्यांचा एक छोटा, अख्खा जोड. मधुरा पाच वर्षांची असताना घेतलेला. वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशा साडूंनी वाढत्या पायाच्या चपला घेतल्या होत्या, दोन नंबर मोठ्या. त्या पायाला येईपर्यंत पिशवीत बांधून माळ्यावर ठेवल्या आणि आठवण झाली तेव्हा पाय पुढे निघून गेला होता. एवढं उत्तम रबर त्यांच्याकडे दुसरं नव्हतं. "हा का नाही कापला?" मी एकदा विचारलं. "नवा आहे हो," ते म्हणाले आणि कपाट लावून घेतलं.

मधुराचं बालपण या काटकसरीत गेलं. ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांच्या वह्या, कॅलेंडरची कव्हरं, पडद्याचं दप्तर. त्यामुळे तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने सरळ सांगितलं, "बाबा, माझ्या लग्नात एकही वस्तू आधी दुसरं काहीतरी असलेली नको. पत्रिकासुद्धा विकतचीच."

एरवी दहा रुपयांसाठी तासभर वाद घालणारा हा माणूस "बरं" म्हणाला. एवढंच. त्यानंतर एका दुपारी मी गेलो असताना त्यांनी गादीखालून एक पाकीट काढून दाखवलं. आत एक पत्रिका होती, नमुन्याची. बाहेर साधा पांढरा कागद, त्यावर चिमुकल्या चिमण्यांची एक ओळ आणि कोपऱ्यात बिस्किटाच्या डब्यातला सगळ्यांत देखणा गणपती. त्या चिमण्या त्यांनी दोन वर्षांपूर्वीच कोरून ठेवल्या होत्या. तेव्हा मुलाचा पत्ताही नव्हता. मी म्हटलं, "तिला दाखवा तरी." ते म्हणाले, "नको. तिने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलंय." पाकीट पुन्हा गादीखाली गेलं.

व्याही नांदगावचे, कांद्याचे मोठे व्यापारी. माणूस दिलदार, पण साधेपणाला अपमान समजणारा. दोन्हीकडची पत्रिका एकच हवी आणि ती आपणच करणार, असं त्यांनी जाहीर केलं. ती पत्रिका नव्हतीच. गडद मरून मखमलीची पेटी होती, तिला देवळासारखी दोन दारं. दारं उघडली की आत दिवा लागायचा आणि काजू-बदामांच्या चार कप्प्यांच्या मागे, शोधल्यास, वधूवरांची नावं सापडायची. झाकणावर सोनेरी अक्षरांत फक्त लग्नाचं ठिकाण होतं, कारण ते लॉन्स शहरात सगळ्यांत महाग होतं. साडूंनी एक पेटी हातात घेतली, सवयीने मखमल अंगठ्याने दाबली आणि पेटी खाली ठेवली.

लग्न दोन आठवड्यांवर आलं आणि लॉन्सवाल्याचा फोन आला. तीच तारीख त्याने दुसऱ्या एका पार्टीलाही दिली होती, आणि ती पार्टी राजकारणातली होती. धावपळ करून दिंडोरी रोडला एक हॉल मिळाला. पण साडूंच्या दिवाणखान्यात छतापर्यंत पेट्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या झाकणावर सोनेरी अक्षरांत चुकीची जागा.

रविवारी सकाळी व्याही उरलेल्या पेट्या गाडीत घालून आले. "छापणारा म्हणतो, सीझन हाय, पंधरा दिवस लागतील," ते कपाळ पुसत म्हणाले. "स्टिकर लावून बघितलं. या मखमलीवर टिकतच नाय. लावला की पडला."

"मोबाईलवर कळवू ना सगळ्यांना," माझी बायको म्हणाली.

"अहो वहिनी, आमच्याकडचे म्हातारे पत्रिका हातात धरून येतात, मोबाईल नाय. दोनशे माणूस त्या पुढाऱ्याच्या लग्नात जेवून येईल, आणि वर म्हणंल, जेवण लय भारी होतं, फक्त तुम्ही कुठं दिसले नाय!"

व्याह्यांनी दुकानातून एक शिक्काही करून आणला होता. मारून बघितला. मरून मखमलीवर निळी शाई. खिडकीशी नेली, दिव्याखाली धरली. काहीच दिसेना. कडक रबर, मखमलीच्या लवेवर नीट टेकतच नव्हतं.

एवढा वेळ साडू बाल्कनीत तुळशीला पाणी घालत होते. तेवढं पाणी त्या तुळशीला एरवी आठवडाभर पुरतं. मधुरा बाल्कनीच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमच्याकडे पांढरा रंग आहे?"

"कापडावरचा आहे," ते मागे न वळता म्हणाले. "पण तू नको म्हणाली होतीस."

"पत्रिका नको म्हटलं होतं. शिक्का नको असं कधी म्हटलं?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. आत येऊन झाकणाचं माप घेतलं, 'जागा बदलली आहे' आणि नवा पत्ता, अशा दोन ओळी बसतील एवढं सपाट, मऊ रबर हवं म्हणाले आणि कपाट उघडलं. आणि तिथेच अडलं. इतक्या वर्षांच्या काटकसरीत त्यांनी प्रत्येक चपलेची इतकी फुलं आणि पानं काढली होती की दोन ओळी मावतील एवढा सलग तुकडा एकही उरला नव्हता. आम्ही सगळ्यांनी नकळत दाराशी काढलेल्या पायताणांकडे बघितलं. व्याह्यांचे बूट चामड्याचे होते, माझ्या चपला हवेच्या. साडू थोडा वेळ कपाटाच्या वरच्या फळीकडे बघत राहिले. मग आमच्याकडे पाठ करून त्यांनी काहीतरी उतरवलं, आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

बाहेर आले तेव्हा हातात एक चौकोनी तुकडा होता, वरून पांढरा, खालून निळा. एकदाही जमिनीला न घासलेला. ताईने तो पाहिला आणि ती चहा टाकायला उठली. मधुराने पाहिला. पॉलिशची डबी ओढून घेऊन ती स्पंजवर पांढरा रंग पसरायला लागली.

साडूंनी छत्रीची काडी धरली. उलटी अक्षरं त्यांनी कशावरूनही गिरवली नाहीत. जन्मभर शिक्क्यांची तोंडं बघितल्याचा एवढा एक फायदा त्यांना झाला. नंतर ते टेबलाशी बसले, ताठ, ऑफिसात बसत असतील तसे. मधुरा पेटी पुढे सरकवायची, ते एकदा स्पंजवर, एकदा मखमलीवर मूठ आपटायचे आणि मी पेटी उचलून पंख्याखाली मांडायचो. मखमलीवर पांढरीशुभ्र अक्षरं उमटत होती आणि दोन्ही ओळींच्या खाली, कोपऱ्यात, एक चिमणी.

"हे काय?" मधुराने विचारलं.

"जागा उरली होती," ते म्हणाले.

व्याही खूश झाले. पेटी दूर धरून, जवळ धरून बघत म्हणाले, "पाव्हणं, सोनेरीपेक्षा हेच भारी दिसतंय! रबर कोणतं वापरलं हो? इम्पोर्टेड?"

"घरचंच आहे," साडू म्हणाले.

"इतकं मऊ?"

"जुनं आहे."

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची असते. व्याही दुसऱ्या दिवशी वणीच्या गडावर गेले. पायऱ्यांशी बूट काढून, अनवाणी पायांनी, चपलेचा शिक्का असलेली मखमली पेटी दोन्ही हातांवर धरून त्यांनी ती देवीच्या पायाशी ठेवली. मी सोबत होतो. बोललो नाही. देवीलाही चिमणी आवडली असावी, कारण लग्न व्यवस्थित पार पडलं आणि एकही म्हातारा पुढाऱ्याकडे जेवला नाही.

मधुरा सासरी गेल्यानंतर परवा साडूंकडे गेलो होतो. दार उघडून त्यांनी "या" म्हटलं आणि माझ्या चपलांकडे बघितलंच नाही. घर आवरलेलं होतं, टेबलावर काही कोरायला घेतलेलं नव्हतं. कपाट उघडं होतं. वरच्या फळीवर निळ्या पट्ट्याची एकच छोटी चप्पल होती.

"हिचं काय करणार?" मी विचारलं. कोणत्याही निरुपयोगी वस्तूबद्दल हा प्रश्न विचारला की त्यांच्याकडे तीन-चार उत्तरं तयार असतात.

"काय करायचंय," ते म्हणाले. "राहू दे."

त्यांनी ती खाली काढली, फुंकर मारली, सोल अंगठ्याने एकदा दाबून बघितला. मग दाराशी माझ्या चपलांच्या शेजारी क्षणभर ठेवून पाहिली, टोक घराच्या आत करून, आणि पुन्हा उचलून फळीवर ठेवली. तेवढ्यात ताईने जेवायला हाक मारली. जेवण झालं, आणि ते मूठ न आपटता उठले.