माहुलाचा वेल आणि कार्बनवाले

जंगलाच्या कामात राजेहो, काम थोडं होतं आणि किस्से ढीगभर जमतात. सरांचे रिपोर्ट कपाटात गेले, किस्से माझ्या जीपमध्ये राहिले. कारण गाडी मी चालवायचो, झाडं मीच मापायचो आणि चहा सांगायलाही मलाच पाठवायचे! मी कुरखेड्याचा सलीम. आमचं शिलाईचं दुकान. मला एका जागी बसवतच नाही, म्हणून अब्बांनी वैतागून या कामाला लावलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट.

काम असं, की गावाची समिती जे जंगल राखते त्यात कार्बन किती साठलाय ते मोजायचं. त्यासाठी नागपूरहून सर यायचे. सोबत मॅडम, त्या पाखरं आणि झाडाझुडपांच्या अभ्यासाला.

*

पहिल्याच सभेत सरांनी समजावलं, "झाड हवेतला कार्बन ओढून पोटात साठवतं. जेवढं झाड जाड, तेवढा कार्बन जास्त. साऱ्या जगाच्या कामाचं आहे हे!"

समितीचे अध्यक्ष तुकारामभाऊ. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"जगाच्या कामाचं हाय तं जग काऊन नाई आलं? तुमालेच काऊन धाडलं?"

सरांनी चहाचा कप उचलला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

*

मापलेलं झाड पुन्हा सापडावं म्हणून आम्ही खोडावर लाल पट्टा मारायचो. एक दिवस पट्टे मारले, दुसऱ्या सकाळी जातो तर एकही पट्टा दिसेना! सगळ्या खोडांना छातीएवढ्या उंचीवर शेण लिंपलेलं!

इथे झाडावर पट्टा दिसला की तोड आलीच, असं सगळे धरून चालतात. बायांनी उजाडताच जाऊन काम उरकलं होतं. पुढे होती जयबाई. हाताचं शेण अजून धुतलं नव्हतं.

"अवो बाई, हे तोडाचं नाई, मोजाचं हाय!" मी ओरडलो.

"तोडाच्या आंधी मोजतेतच ना, बाप्पा?"

आता याला काय म्हणणार? दिवसभर शेण खरवडत बसलो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या.

*

सर आणि मॅडम एका गाडीत बसले की माझं डोकं उठायचं. एक जुना बेहडा होता, आतून पूर्ण पोकळ.

"पोकळ झाडात कार्बन नाही!" सर.

"पोकळ झाडात धनेश आहे!" मॅडम. धनेश म्हणजे तो मोठ्या चोचीचा पक्षी, ढोलीत अंडी घालणारा.

"तिथे साग लावला तर किती साठेल, माहीत आहे?"

"आणि धनेशाला कुठे लावणार?"

सावली गाव सोडल्यापासून हेच चाललेलं. मी करकचून ब्रेक मारला. "आंधी तुमचं ठरवा. जंगल कोनाचं, ते गावाले मंग इचारू!"

मग दोघंही मलाच ओरडले.

*

शेवटी सरांचंच चाललं. सभेत त्यांनी सांगितलं, "पोकळ झाडं काढा, झुडपं काढा, माहुलाचे वेल तोडा. वेल मोठ्या झाडांचा गळा आवळतात. रिकाम्या जागी साग लावा. कार्बन वाढला की त्याचे पैसे मिळून गावाचा फायदा."

सगळे "हो जी, हो जी" म्हणाले. आलेल्या पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायचं नाही, अशी तिथली रीत!

जयबाई तेवढी उठली. माहुलाच्या पानाच्या पत्रावळी शिवून तिनं घर चालवलेलं. मार्कंड्याच्या जत्रेला तिच्या पत्रावळी जायच्या, आमच्या घरच्या लग्नातही पंगत त्याच पानांवर बसलेली.

"वेल गेला तं मी काय शिवू? सागाचं पान? त्याच्यावर भात लाल होते! आन मी खाऊ काय?"

"मावशी, पुढे सगळं चांगलं होईल," सर म्हणाले. माणूस वाईट नव्हता, खरंच सांगतो. पण मला त्या दिवशी त्यांचा राग आला. तोडायचा दिवस ठरला. गाडी चालवतानाही वेलच दिसायचे. कोणाजवळ बोलू? नोकरी त्यांचीच होती ना!

*

ठरल्या दिवशी आम्ही पोचलो, तर कुऱ्हाडी घरात आणि माणसं ओट्यावर.

"आज नाई जमत साहेब," तुकारामभाऊ म्हणाले. "चारोळीचा पंडुम व्हाचा हाय."

पंडुम म्हणजे नव्या फळाची पूजा. जंगलातली कोणतीही नवी चीज आधी देवापुढे पानावर ठेवायची, मग माणसानं घ्यायची. तोवर तिला हात नाही.

पुन्हा गेलो, तर मोहाचा पंडुम. पुन्हा गेलो, तर आंब्याचा! सर कॅलेंडर घेऊन फेऱ्या मारायचे, मॅडम खिडकीबाहेर बघून हसायच्या. आणि मला सुटल्यासारखं वाटायचं, पुढच्या क्षणी परत धाकधूक. टळून टळून किती टळणार?

*

आणि एके दिवशी गेलो, तर सारं गाव जंगलाच्या तोंडाशी उभं! खांद्यावर कुऱ्हाडी. जयबाईसुद्धा.

सर खूश. "चला, आता कोणता पंडुम राहिला नाही ना?"

"एकच राह्यला जी," तुकारामभाऊ म्हणाले. "तुमच्या कार्बनाचा."

"कार्बनाचा?"

"जंगलातलंच नवं पीक हाय ना ते? त्याच्याचसाठी तं हे सारं कापून राह्यलो. मंग पूजा केल्याबिगर त्याले हात कसा लावू? पुजारी बसला हाय थो."

मोहाखाली पुजारी खरंच बसला होता. कोणाच्याही चेहऱ्यावर हसू नव्हतं. मी प्रत्येकाकडे पाहून घेतलं. मॅडमही हसत नव्हत्या.

जयबाई पुढे आली. वेलाचं ताजं पान पदरानं पुसलं, सरांच्या पायाशी जमिनीवर ठेवलं आणि हात जोडले.

"ठेवा साहेब याच्यावर. थोडासाच ठेवा. तेवढं झालं का कापतो."