मज्जातंतूंची वाट शोधणाऱ्या निकुंभ मॅडम

नव्वदच्या दशकात नाशिकच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरताना मी नाक धरले होते. पिकलेल्या केळ्यांचा आंबूस वास आणि कापसाचे बोळे लावलेल्या बाटल्यांत फळमाश्या! डॉ. वासंती निकुंभ मॅडम हसल्या. “होईल सवय. मला आता या वासाशिवाय करमत नाही.” ही आमची पहिली ओळख.

वाढत्या मेंदूत एक मज्जापेशी दुसरीपर्यंत नेमकी कशी पोहोचते, हा मॅडमचा ध्यास. जनुकांच्या हुकमाने काही पेशी रासायनिक संकेत सोडतात आणि मज्जातंतू त्यांवरून वाट काढतात, असे त्या समजावून सांगत.

एमएस्सीनंतर वडील मला पुढे शिकू देईनात, तेव्हा मॅडम एसटीने निफाडला आमच्या मळ्यात आल्या.

“माश्यांचं शिकून काय व्हनार, बाई?” वडिलांनी विचारले.

“दादा, काही लेकरांच्या मेंदूतल्या जोडण्या जन्माआधीच चुकतात. का चुकतात, ते आधी माशीत शोधावं लागतं.”

वडिलांनी द्राक्षांच्या मांडवातून एक घड तोडून मॅडमच्या हातावर ठेवला. मग म्हणाले, “शिकवा तिला. पन आता जेवून जा.”

संशोधन सुरू झाले. एक विशिष्ट संकेत तंतूंना ‘इकडे या’ असे सांगतो, हे मॅडमचे मत छापूनही आले होते. त्या संकेताचे जनुक निकामी झालेल्या माश्या मी तपासल्या. मॅडमचे मत खरे असते, तर एरवी जिथून तो संकेत सुटतो तिथे तंतू जायलाच नको होते. उलट तिथेच त्यांची गर्दी झाली होती. म्हणजे तो संकेत ‘इकडे येऊ नका’ असे सांगत होता! मी स्लाइड मॅडमच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून नजर उचलली आणि एवढेच म्हणाल्या, “पुन्हा कर.” पुन्हा तेच दिसले.

पुण्याच्या चर्चासत्रात त्यांनी स्वतःच्या वेळेत मला बोलायला उभे केले. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारले, “पण बाई, आपण तर याच्या उलट लिहिलं होतंत?”

मॅडम उभ्या राहिल्या. “हो, माझं चुकलं होतं. या मुलीनं ते दाखवून दिलं. आता तिचं ऐकू या.”

मी घाईघाईने पुढचे निष्कर्ष सांगू लागले. मॅडमनी पाण्याचा पेला पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, “सावकाश. घाई नाही.”

यंदा मॅडमनी साठी पूर्ण केली. त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो, प्रकृती ठणठणीत राहो. आणि आमचे निष्कर्ष हाती घेऊन “पुन्हा कर” म्हणायला त्या आम्हाला उदंड वर्षे लाभोत.