पेडगावचं खुरपं

आभाळातून पडणाऱ्या लोखंडावर माझ्या बायकोच्या मामांनी जितका हक्क सांगितला, तितका परभणी जिल्ह्यात कोणी स्वतःच्या शेतावरही सांगितला नसेल. मामा पिंगळीला रेल्वेत चावीवाले होते. खांद्यावर हातोडा टाकून रूळ ठोकत चालायचं, त्यामुळं लोखंड कानानं ओळखायची सवय. कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी वाचलं, की कधीमधी आभाळातून निव्वळ लोखंडाचा गोळाही पडतो आणि पडताना कोणी पाहिला असेल, तर त्याचं मोल फार. झालं. तेव्हापासून लग्न असो की मर्तिक, अनोळखी माणसाला पहिला प्रश्न ठरलेला. माझ्या लग्नात त्यांनी आमच्या काकांना विचारलं, "तुमच्या शिवारात काही पडलं का?" काका बापडे अर्धा तास पावसाबद्दल बोलत बसले.

मग लोक लोखंड आणू लागले. सोनपेठच्या बाजारातून एकानं मोडका फाळ आणला, एकानं चक्क मामांच्याच रुळाचा तुकडा. मामा वस्तूकडं बघतच नसत, माणसाकडं बघत. "पडताना तुमी पाह्यलं का? न्हाई? मंग ते लोखंड हाय, पाहुणा न्हाई." पाहिलं म्हणणाऱ्याला दोन प्रश्न. उजेड आधी की आवाज? हाताला गरम लागलं की गार? खरा पाहुणा पडल्यावर गारच लागतो, असं मासिकात होतं, म्हणून हात भाजला म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावायचे. बारा वर्षं त्यांनी निम्म्या जिल्ह्याला असा चहा पाजला, मामी कावल्या, पण खरा पाहुणा एकही मिळाला नाही. आपल्या हयातीत एक तरी मिळावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

अशात पेडगावच्या धनगराच्या आक्कांनी लोखंड पडताना पाहिल्याची बातमी आली. विद्यापीठाच्या नामांतरावरून एसट्या बंद होत्या, पण मामांना काय त्याचं. मला घेऊन ते रुळावरून चालत निघाले. पेडगाव येईपर्यंत माझ्या पायांची सालटी निघाली, मामा मात्र वाटेत रूळ ठोकत आनंदात होते.

आक्का शेतात खुरपत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं, "दिस मावळायलाय अन् उजेड झाला. मेंढरं उधळली. त्यांच्यामागं पळाले, तवर मागून ढगावानी वाजलं. बांधाला हे पडलेलं. लिंबाहून मोठं, कवठाहून बारकं."

"गरम होतं?"

"गार की. वड्यातल्या दगडावानी."

मामांनी हात जोडले. "कुठं हाय ते?"

आक्कांनी हातातलं खुरपं वर केलं. "हे काय. लोहाराकडून करून घेतलं. चांगलं लोखंड वाया कशाला घालवावं?"

भट्टीत घातलं की आभाळातल्या लोखंडाची ओळख असलेली आतली नक्षी मोडते, मग कोणाला काही पटवता येत नाही, हे मामांनीच मला वाटेत सांगितलं होतं. मला तर रडू यायचं बाकी होतं. पण मामांनी कागद काढला, आक्कांचा जबाब लिहिला, खाली अंगठा घेतला आणि म्हणाले, "दुसरं खुरपं आणून देतो. हे मला द्या."

"खुरपणी होऊ द्या, मंग न्या."

पुढच्या वर्षी आम्ही गेलो, तेव्हाही खुरपणीच चालू होती. मी चिडलो. मामा म्हणाले, "डूटीवरच्या माणसाला मधीच उठवत न्हाईत, जावाई." मग दरसाल ते काटा घेऊन जायचे, खुरपं तोलायचे. ते झिजून हलकं झालं, की यांचा चेहरा खुलायचा. "कुठनं निघालं अन् आक्काच्या जवारीच्या बुडाशी जाऊन बसलं. लय लांबचा पल्ला हाय." मालकीच्या वस्तूवर माणसं जीव टाकतात, पण हातात न आलेल्या वस्तूवर इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नामांतर झालं त्या साली मामा गेले. तेराव्याला आक्का एकट्याच गाडीनं आल्या. पदराखालून खुरपं काढून त्यांनी फोटोपुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "झाली खुरपणी. घ्या आता."

ते सध्या माझ्याकडं असतं. बोटभर रुंदीचं उरलंय. नुसतं ठेवलं की गंजतं, म्हणून मी अधूनमधून तेल लावतो आणि लावताना दर वेळी वाटतं, मामा असते तर त्यांनी ते उचलून परत पेडगावला नेऊन दिलं असतं.